अंड्याचा भाव आणि संघटनेची वर्गणी

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे नाव अवघ्या देशाच्या तोंडी झाले. गुजरातच्या सीमेलगत असलेल्या या तालुक्यात कोंबड्यांना बर्ड फ्लूची बाधा झाल्याचे १८ फेब्रुवारी रोजी स्पष्ट झाले. भारतातील हा या रोगाचा पहिलाच प्रादुर्भाव होता. परिसरातील लाखो पक्षी नष्ट करावे लागले. नवापुरातील पोल्ट्रीधारकांचे झालेले नुकसान सर्वांना दिसले. परंतु तेथून शेकडो कोस दूर, जेथे एकही पक्षी आजारी नव्हता, अशा शेडमधील अंड्यांना आणि कोंबड्यांनाही त्या दिवसांत गिऱ्हाईक उरले नाही. रोग एका भागात होता, भीती मात्र साऱ्या देशभर पसरली.

अशा वेळी पोल्ट्रीधारकासमोर उभा राहणारा पेच इतर व्यावसायिकांहून निराळा असतो. कापडाचा व्यापारी मंदीत ठाणे गुदामात ठेवू शकतो, कारखानदार एक पाळी बंद करू शकतो. कोंबडीला मात्र रोज खाद्य द्यावेच लागते, अंडी रोज गोळा होतातच आणि कर्जाचा हप्ताही ठरल्या तारखेला येऊन ठेपतो. येत नाही तो फक्त विक्रीचा पैसा. मग ग्राहकाच्या मनातील भीती कोणी दूर करावयाची? सरकारदरबारी गाऱ्हाणे कोणी मांडावयाचे? बँकांकडे मुदतवाढीचा विषय कोणी न्यावयाचा? एकट्या पोल्ट्रीधारकाच्या आवाक्यात यांपैकी एकही गोष्ट नाही. ‘गाव करी ते राव न करी’ ही म्हण अशा प्रसंगी शब्दशः खरी ठरते.

पशुपालनाचा व्यवसाय करणाऱ्यांनी आपल्या व्यवसायाच्या संघटनेचे सभासद व्हावे, असे आवाहन वारंवार केले जाते. बहुतेकांना ते सभा-समारंभातील उपदेशासारखे वाटते. ‘वर्गणी भरायची, वर्षातून एकदा जेवण करून यायचे, त्यात आपला फायदा काय?’ असा प्रश्न सरळपणे विचारला जातो. हा प्रश्न गैर नाही. हिशेबी माणसाने तो विचारलाच पाहिजे. मात्र त्याचे उत्तरही हिशेबानेच शोधले, तर संघटनेची वर्गणी शेड, पिंजरे आणि पिल्ले यांच्याच रांगेत, व्यवसायाच्या आवश्यक भांडवलात मोडते, असे दिसून येईल. अंडी उत्पादनाच्या व्यवसायाचा गेल्या चार दशकांचा इतिहास याची साक्ष देतो.

एकट्याचे दुबळेपण

उदाहरणादाखल दहा हजार अंडी देणाऱ्या कोंबड्या असलेला एक पोल्ट्रीधारक घेऊ. पंच्याऐंशी टक्के उत्पादन गृहीत धरले, तर त्याच्याकडे दररोज ८,५०० अंडी, म्हणजे २१० अंड्यांच्या सुमारे ४० पेट्या जमा होतात. व्यापाऱ्याचे वाहन तीन दिवस आले नाही, तर २५,५०० अंडी शेडच्या कडेला साचतात. उन्हाळ्यात शीतगृहाशिवाय ती फार दिवस चांगली राहत नाहीत. चौथ्या दिवशी येणाऱ्या व्यापाऱ्याला हे पुरेपूर ठाऊक असते. त्यामुळे तो जो भाव सांगेल तो निमूटपणे स्वीकारण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

या व्यवहारात अंड्यामागे केवळ २० पैशांचा फरक पडला, असे समजू. रोजचे १,७०० रुपये, महिन्याचे ५१,००० रुपये आणि वर्षाचे ६,२०,५०० रुपये या वीस पैशांत वाहून जातात. अनेक पोल्ट्रीधारकांच्या बाबतीत नफा आणि तोटा यांमधील भिंत एवढीच पातळ असते. कोणत्याही संघटनेची वार्षिक वर्गणी या रकमेच्या शेजारी ठेवून पाहावी, म्हणजे ‘फायदा काय?’ या प्रश्नाचा निम्मा उलगडा होतो.

भावातील ही घसरण व्यापाऱ्याच्या दुष्टपणामुळेच होते असे नाही. व्यापारी आपल्या धंद्याचे हित पाहतो, हे स्वाभाविक आहे. खरी अडचण आहे ती माहितीच्या विषमतेची. आज दिल्लीत मागणी किती आहे, कोलकात्याकडे किती माल निघाला, केरळमध्ये नमक्कलचे अंडे काय भावाने गेले, हे व्यापाऱ्याला माहीत असते. उत्पादकाला माहीत असते ते फक्त आपल्या शेडमध्ये किती अंडी साचली आहेत एवढेच. त्यात मागणीचे चक्र प्रत्येक प्रांतात वेगळे. महाराष्ट्रात श्रावण आणि नवरात्रात, तामिळनाडूत पुरट्टासी महिन्यात अंड्यांचा खप उतरतो. थंडी पडू लागली की उत्तरेत तो वाढतो. एका गावात बसून या साऱ्याचा अंदाज बांधणे अशक्यप्राय आहे. हजारो उत्पादकांची माहिती एकत्र येते, तेव्हाच बाजाराचे खरे चित्र उभे राहते.

१९८२ चा धडा

ऐंशीच्या दशकाच्या प्रारंभी देशातील अंडी उत्पादक नेमक्या याच दुबळेपणाने ग्रासलेले होते. भाव मोठ्या शहरांतील व्यापारी पेढ्यांवर ठरत आणि ते अनेकदा उत्पादनखर्चाच्याही खाली जात. अनेक पोल्ट्री बंद पडत होत्या. अशा परिस्थितीत पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजचे संस्थापक डॉ. बी. व्ही. राव यांनी पुढाकार घेतला. देशाच्या विविध भागांत उत्पादकांच्या बैठका घेण्यात आल्या आणि १९८२ मध्ये नॅशनल एग को-ऑर्डिनेशन कमिटी, म्हणजेच राष्ट्रीय अंडी समन्वय समिती, स्थापन झाली. ‘माझे अंडे, माझा भाव, माझे जीवन’ हे तिचे घोषवाक्य होते. भाव सांगण्याचा अधिकार ज्याने अंडे पिकविले त्याचाही आहे, हा साधा विचार त्यामागे होता.

समितीने हाती घेतलेले काम वरकरणी अगदी साधे होते. नमक्कल, विजयवाडा, हैदराबाद, होस्पेट, बरवाला, पुणे यांसारखी उत्पादन केंद्रे आणि मुंबई, दिल्ली, कोलकाता यांसारखी उपभोग केंद्रे यांच्याकडील माहिती एकत्र करून केंद्रनिहाय शेकडा दर दररोज जाहीर करणे, हे त्या कामाचे स्वरूप. दूरध्वनीसुद्धा दुर्मीळ असलेल्या त्या काळात खेड्यातील पोल्ट्रीधारकाच्या हाती त्या दिवसाचा दर पडू लागला. व्यापाऱ्याशी बोलताना त्याच्यापाशी प्रथमच एक आकडा आला. वाटाघाटीत आकडा हाती असणे आणि नसणे यात किती अंतर आहे, हे बँकेत ठेवीचा व्याजदर विचारून मग आपली मुदत निवडणाऱ्या कोणत्याही ग्राहकाला सहज पटेल.

समितीने दुसरे काम केले ते ग्राहक घडविण्याचे. ‘संडे हो या मंडे, रोज खाओ अंडे’ ही जाहिरात घराघरात पोहोचली. अंडे हे रोजच्या आहारातील पौष्टिक अन्न आहे, ही जाणीव तिने रुजविली. आपल्या अंड्यांची जाहिरात दूरचित्रवाणीवर करणे दहा हजार कोंबड्यांच्या मालकाला कधी परवडले असते काय? शिवाय अंड्यावर कोणाचे नाव नसते. एकाने जाहिरात केली, तर लाभ सर्वांना होतो. म्हणूनच एकटा कोणी ती करीत नाही. असे सर्वांच्या हिताचे परंतु कोणा एकाचे नसलेले काम करण्यासाठीच संघटना असते.

भारतात २०२३-२४ मध्ये सुमारे १४,२७७ कोटी अंड्यांचे उत्पादन झाले आणि दरडोई वार्षिक उपलब्धता १०३ अंड्यांपर्यंत पोहोचली. या वाढीचे श्रेय सुधारित जाती, संतुलित खाद्य, लसीकरण आणि बँकांचा कर्जपुरवठा या सर्वांकडे जाते. परंतु उत्पादक एकमेकांशी जोडले गेले नसते, तर एवढे उत्पादन पेलणारी बाजारपेठ उभी राहिली असती, असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

भावापलीकडील लाभ

दराची माहिती हा संघटनेचा सर्वांत ठळक लाभ असला, तरी तो एकमेव नव्हे. अंड्याच्या उत्पादनखर्चात सर्वांत मोठा वाटा खाद्याचा असतो. एक कोंबडी दिवसाला सुमारे ११० ग्रॅम खाद्य खाते. दहा हजार कोंबड्यांना रोज ११ क्विंटल खाद्य लागते. परिसरातील वीस पोल्ट्रीधारकांनी मका आणि सोयापेंड हंगामात एकत्र खरेदी केली आणि किलोमागे एक रुपया जरी वाचला, तरी प्रत्येकाचे महिन्याला ३३,००० रुपये वाचतात. लस, औषधे, अंड्यांचे ट्रे, वाहतूक या सर्वच बाबींना हाच हिशेब लागू पडतो.

धोरणात्मक प्रश्नांतही संघटनेचा आवाज ऐकला जातो. २०२१ मध्ये सोयाबीनचे दर विक्रमी पातळीवर गेले आणि सोयापेंड पोल्ट्रीधारकांच्या आवाक्याबाहेर गेली. कुक्कुटपालन व्यवसायाच्या संघटनांनी केंद्र सरकारपुढे हा प्रश्न लावून धरला. ऑगस्ट २०२१ मध्ये सरकारने १२ लाख टन सोयापेंड आयात करण्यास परवानगी दिली. सोयाबीन उत्पादक शेतकऱ्यांनी या निर्णयाला विरोध केला आणि त्यांच्या दृष्टीने तो समजण्यासारखाही होता. निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद असू शकतात. परंतु धोरण ठरते तेव्हा जो एकत्र येऊन बोलतो त्याचे म्हणणे विचारात घेतले जाते, हे सत्य दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

रोगनियंत्रण हा तर सर्वस्वी सामुदायिक विषय आहे. एका पोल्ट्रीधारकाने लसीकरणात हयगय केली किंवा मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या, तर त्याचे फळ शेजाऱ्याला भोगावे लागते. जनावरांमधील संसर्गजन्य रोगांच्या प्रतिबंधासाठी २००९ मध्ये झालेल्या केंद्रीय कायद्यानुसार अधिसूचित रोगाची खबर देणे मालकावर बंधनकारक आहे. तरीही नुकसानीच्या भीतीने ती दडविण्याचा मोह होतो. संघटनेच्या बैठकीत रोज भेटणारे दहा सहव्यावसायिक या मोहावर जो अंकुश ठेवू शकतात, तो केवळ कायद्याच्या धाकाने ठेवता येत नाही.

संकटातील आवाज

पुन्हा २००६ कडे वळू. नवापूरनंतर देशभर अंडी आणि चिकनचा खप कोसळला, तेव्हा संकट एका गावातील कर्जदारांचे राहिले नाही. ते एका व्यवसायाचे संकट म्हणून सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यापुढे आले. त्यावर उपाययोजनाही व्यवसायाच्याच पातळीवर झाली. पोल्ट्री कर्जांच्या थकलेल्या रकमांचे मुदत कर्जात रूपांतर करावे, परतफेडीस सवलतीचा काळ द्यावा, अशा सूचना रिझर्व्ह बँकेने २००६ मध्ये बँकांना दिल्या. केंद्र सरकारने थकीत मुद्दलावर चार टक्के व्याज सवलतही एकवेळची मदत म्हणून देऊ केली.

या सवलती सभासद आणि बिगरसभासद असा भेद न करता सर्व पात्र कर्जदारांना मिळाल्या. येथेच संघटनेची खरी अडचण दडलेली आहे. सरकारपुढे प्रश्न मांडण्यासाठी लागणारी आकडेवारी, पत्रव्यवहार, प्रवास, बैठका या सर्वांचा भार वर्गणी भरणारे उचलतात आणि लाभ मात्र न भरणाऱ्यालाही मिळतो. ‘मग मी कशाला भरू?’ असे प्रत्येकानेच म्हटले, तर पुढील संकटात बोलणारेच कोणी उरणार नाही. भर पावसात शेजाऱ्याच्या छत्रीखाली उभे राहणारा काही काळ कोरडा राहतो. परंतु गावातील सर्वांनीच छत्री घेणे सोडले, तर त्याचेही भिजणे अटळ आहे.

आणि संकटे पुन्हा येतातच. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना पसरतो, ही निराधार अफवा मोबाइलवरून पसरली आणि अवघ्या काही आठवड्यांत ब्रॉयलरचे दर कोसळले. काही ठिकाणी जिवंत पक्षी जमिनीत पुरून टाकण्याची पाळी उत्पादकांवर आली. केंद्रीय पशुसंवर्धन विभागाने कोंबड्यांचा या रोगाच्या प्रसाराशी संबंध आढळला नसल्याचा खुलासा केला. तरीही अफवेचा वेग खुलाशापेक्षा अधिक होता. पाठोपाठ जानेवारी २०२१ मध्ये महाराष्ट्रासह अनेक राज्यांत पुन्हा बर्ड फ्लूचे रुग्णपक्षी आढळले. पंधरा वर्षांत तीन वेळा बाजार भीतीने गोठला. मांस आणि अंडी पूर्ण शिजवून खाल्ल्यास बर्ड फ्लूचा धोका नसतो, एवढे एक वाक्य वेळेवर आणि विश्वासार्ह आवाजात लाखो लोकांपर्यंत पोहोचविणे हेही आता या व्यवसायाचे नित्याचे काम झाले आहे. ते काम एकट्यादुकट्याचे नव्हे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

संघटनेविषयी घेतले जाणारे आक्षेप दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पहिला आक्षेप असा की, संघटनेवर मोठ्या उत्पादकांचे वर्चस्व असते आणि लहानाचे कोणी ऐकत नाही. अनेक ठिकाणी ही वस्तुस्थिती आहे. परंतु लहान उत्पादक बाहेर राहिल्याने मोठ्यांचे वर्चस्व कमी होत नाही, ते वाढतेच. सभेला हजर राहणे, हिशेब मागणे, निवडणुकीत उभे राहणे हेच त्यावरील उपाय आहेत. वर्गणी भरून घरी बसणारा सभासद आणि बिगरसभासद यांच्यात फारसा फरक नाही.

दुसरा आक्षेप जाहीर दर आणि हाती पडणारा दर यांतील तफावतीचा. जाहीर दरातून काही पैसे वजा करून व्यापारी खरेदी करतात, ही तक्रार जुनीच आहे. मागणी मंदावली की ही वजावट वाढते. मात्र ही वजावट का वाढते, याचाही शोध घेतला पाहिजे. एका पोल्ट्रीधारकाने दहा पैसे कमी घेऊन आपला माल आधी काढला की शेजारी पंधरा पैसे कमी घेतो. पुढच्या आठवड्यात दोघेही त्याच ठिकाणी असतात, फक्त दोघांचाही भाव उतरलेला असतो. संघटनेचा सभासद राहून गुपचूप तिच्याच दराखाली विकणारा उत्पादक व्यापाऱ्यापेक्षा आपल्या बांधवांचे अधिक नुकसान करतो.

याबाबतीत कायद्याची चौकटही समजून घेणे आवश्यक आहे. स्पर्धा कायदा, २००२ अन्वये व्यावसायिकांनी वा त्यांच्या संघटनांनी संगनमताने किंमत ठरवून ती लादणे निषिद्ध आहे. राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही आपले दर केवळ सुचविलेले असून बंधनकारक नाहीत, असे स्पष्टपणे नमूद करते. त्यामुळे संघटनेचे बळ दंडेलीत नाही. खरी माहिती गोळा करणे, ती सर्वांना सारखीच देणे आणि ग्राहकाला न फसविता बाजारपेठ वाढविणे यांतच तिची ताकद आहे. कृत्रिम टंचाई करून भाव चढविणारी संघटना आज ना उद्या कायद्याच्या आणि ग्राहकाच्या रोषाला बळी पडेल.

तिसरा आक्षेप असा की, संघटना म्हणजे राजकारण. चार माणसे एकत्र आली की मतभेद होणारच. परंतु १४ डिसेंबर १९४६ रोजी आणंद येथे खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली, तेव्हाही खेड्यांमध्ये मतभेद नव्हते असे नाही. त्रिभुवनदास पटेल यांनी ते ओलांडून दूध उत्पादकांना एकत्र आणले आणि पुढे डॉ. वर्गीस कुरियन यांनी त्या एकजुटीला व्यवस्थापनाची जोड दिली. अवघ्या २४७ लिटर दुधापासून झालेल्या त्या प्रारंभाचे पुढे काय झाले, हे सर्वश्रुतच आहे. दूध काही तासांत नासते, म्हणून तेथे स्वतःचे संकलन आणि प्रक्रिया उभारणारी सहकारी संस्था लागली. अंडे काही दिवस टिकते, म्हणून येथे माहिती आणि प्रचार यांवर भर देणारी संघटना पुरली. शेळी-मेंढीपालक, वराहपालक वा करारावर ब्रॉयलर वाढविणारे शेतकरी यांची गरज याहून वेगळी असेल. संघटनेचे रूप मालाच्या स्वभावावरून ठरते; एकत्र येण्याची गरज मात्र सर्वत्र सारखीच आहे.

बँकेच्या दृष्टिकोनातून

बँकेच्या कर्मचाऱ्यांसाठीही हा विषय परका नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचा प्रकल्प हाती घेणाऱ्याला शेड, पिंजरे आणि पिल्ले यांसाठी कर्ज लागतेच. शिवाय पिल्लू अंडे देऊ लागेपर्यंतच्या सुमारे अठरा ते वीस आठवड्यांच्या खाद्याचाही खर्च त्याला उचलावा लागतो. त्या काळात उत्पन्न शून्य असते. पहिले अंडे हाती येते त्या दिवशीच बाजारात मंदी असेल, तर उत्तम आखलेला प्रकल्पही डळमळतो. अशा कर्जाच्या प्रस्तावाची छाननी करताना जमिनीचा उतारा, शेडचे अंदाजपत्रक, विमा यांबरोबरच अर्जदार कोणत्या संघटनेशी जोडलेला आहे, त्याला रोजचा दर कोठून कळतो, खाद्य कोणाकडून घेतो, पशुवैद्यकीय सल्ला कोठून मिळतो, हे प्रश्न अवश्य विचारावेत. सभासदत्व ही कर्जाची अट असू नये. परंतु ते अर्जदाराच्या व्यावसायिक शहाणपणाचे एक लक्षण निश्चितच आहे.

शिवाय, एकत्र येणाऱ्या उत्पादकांसाठी वित्तपुरवठ्याची दारेही अधिक उघडली आहेत. २००२ मधील कायदेशीर दुरुस्तीमुळे दहा वा अधिक उत्पादकांना एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करता येऊ लागली. २०१९ मध्ये किसान क्रेडिट कार्डाची सोय पशुपालकांच्या खेळत्या भांडवलासाठीही उपलब्ध झाली. २०२१-२२ पासूनच्या सुधारित राष्ट्रीय पशुधन अभियानात व्यक्तिगत उद्योजकांबरोबर शेतकरी उत्पादक संस्था, स्वयंसहाय्यता गट आणि संयुक्त दायित्व गट यांनाही स्थान देण्यात आले. एकटा शेळीपालक जे खाद्य भांडार किंवा शीतगृह उभारण्याचे स्वप्नही पाहू शकत नाही, ते एकत्रित प्रस्तावाद्वारे बँकेच्या टेबलावर येऊ शकते.

सभासद होण्यापूर्वी आणि झाल्यावर

कोणत्याही संघटनेत डोळे झाकून प्रवेश करू नये, हेही तितकेच खरे. संघटना रीतसर नोंदणीकृत आहे काय, दरवर्षी तिचे लेखापरीक्षण होते काय, निवडणुका वेळेवर होतात काय, पाचशे कोंबड्यांच्या मालकाला बोलण्याची संधी मिळते काय, जमलेल्या वर्गणीतून प्रत्यक्ष काय काम झाले, एवढे प्रश्न विचारावेत. समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, तर पर्याय शोधावा आणि तोही नसेल, तर परिसरातील दहा जणांनी मिळून स्वतः प्रारंभ करावा.

सभासद झाल्यावर तीन पथ्ये पाळावीत. आपल्याकडील पक्ष्यांची आणि उत्पादनाची खरी आकडेवारी द्यावी. कारण चुकीच्या आकड्यांवर आधारलेला दर शेवटी आपल्यालाच बुडवितो. रोगाची खबर दडवू नये. आणि मंदीच्या आठवड्यात, जेव्हा दहा पैसे कमी घेऊन माल मोकळा करण्याचा मोह सर्वाधिक असतो, तेव्हा एक दूरध्वनी संघटनेला करून मगच निर्णय घ्यावा.

नवापूरच्या त्या दिवसांत रिकाम्या झालेल्या शेडसमोर उभा असलेला पोल्ट्रीधारक एकटा होता. त्याचे नुकसान कोणतीही संघटना टाळू शकली नसती. परंतु पुन्हा पिल्ले आणण्यासाठी लागणारा धीर, पत आणि बाजार यांपैकी एकही गोष्ट त्याला एकट्याला मिळविता आली नसती. पशुधन हे चालते-बोलते भांडवल आहे. ते एका रात्रीत नाहीसे होऊ शकते. अशा व्यवसायात वर्षाच्या खर्चाचा अंदाज मांडताना खाद्य, औषधे आणि विमा यांच्याखाली संघटनेच्या वर्गणीची एक ओळ प्रत्येक पशुपालकाने लिहावी. त्या ओळीतील रक्कम सर्वांत लहान असेल. परंतु अडचणीच्या वर्षी उरलेल्या सर्व ओळींचा भार तीच पेलून धरील.